सोडाल्याचे पावसाचे पाणी : अमानीशाह नाल्यापासून द्रव्यवतीपर्यंत

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात पर्जन्यजल निचऱ्याचा धडा सूत्राने सुरू होतो. आधी पावसाची तीव्रता, मग पाणलोट क्षेत्र, मग अपधाव गुणांक, आणि शेवटी गटाराचा आकार. परीक्षेसाठी हा क्रम सोयीचा आहे. पण एखाद्या वस्तीत दरवर्षी पाणी का तुंबते हे या क्रमाने कळत नाही, कारण सूत्रात घालायचे आकडे तिथे कसे आले, कोणी आणले, हे सूत्र सांगत नाही. या टिपणात आपण उलट्या टोकाने जाऊ. आधी जागेचा इतिहास पाहू आणि आकडे नंतर मांडू. उदाहरणासाठी जयपूरमधील सोडाला ही वस्ती घेतली आहे. जयपूरचा नकाशा समोर ठेवून वाचावे.

महाराष्ट्रातला विद्यार्थी विचारेल की वाळवंटाच्या काठावरच्या शहरात पाणी तुंबण्याचा प्रश्न कुठून आला. जयपूरला वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या कोकणात तेवढा जुलैच्या एका चांगल्या आठवड्यात होतो. पण गटाराला वर्षाची बेरीज कळत नाही, त्याला फक्त त्या तासाचा पाऊस कळतो. अर्धशुष्क प्रदेशात पाऊस कमी दिवस पडतो आणि पडतो तेव्हा एकदम कोसळतो. १९ जुलै १९८१ रोजी जयपूरमध्ये एका दिवसात ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, म्हणजे निम्म्या वर्षाचा पाऊस चोवीस तासांत.

सोडाला जुन्या शहराच्या नैर्ऋत्येला, अजमेर रस्त्यावर आहे. अजमेरी गेटकडून पश्चिमेला निघाले की सिव्हिल लाइन्सचा भाग मागे पडतो आणि सोडाल्याच्या तिठ्यावर रस्ता फुटतो. एक फाटा अजमेरकडे जातो, दुसरा न्यू सांगानेर रोड म्हणून मानसरोवरकडे उतरतो. अजमेर रस्त्याने पुढे गेल्यावर सुशीलपुऱ्याच्या पुलाखाली जे पात्र लागते, ते अमानीशाह नाल्याचे. आता त्याला पुन्हा द्रव्यवती नदी म्हणतात. पूर्वेच्या अंगाने बाईस गोदामाकडून येणारा करतारपुऱ्याचा नाला महेशनगर, गुर्जर की थडी असा जातो आणि खाली द्रव्यवतीला मिळतो. म्हणजे सोडाला आणि त्याला लागून असलेल्या वस्त्या दोन नाल्यांच्या मधल्या जमिनीवर आहेत. अशा जमिनीवर पाणी थांबायला नको. दोन्हीकडे उतार असताना ते थांबते, म्हणून हा प्रश्न शिकण्यासारखा आहे.

आता तीनशे वर्षे मागे जाऊ. सवाई जयसिंह (दुसरा) याने १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूरची पायाभरणी केली. नगररचनेचे श्रेय विद्याधर भट्टाचार्य या बंगाली पंडिताला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. आपल्यासाठी आणखी एक नाव जवळचे आहे. जयसिंहाच्या पदरी असलेले ज्योतिषी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय ब्राह्मण होते. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबी आवृत्तीवरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. ज्या दरबारात युक्लिड वाचला जात होता, त्या दरबाराने आखलेल्या शहरात रस्ते सरळ आणि चौक काटकोनात असावेत यात नवल नाही. पण निचऱ्याच्या दृष्टीने जयपूरचा मोठेपणा काटकोनात नाही. तो सूरजपोल ते चांदपोल हा मुख्य रस्ता ज्या रेषेवर टाकला तिच्यात आहे. ही रेषा नैसर्गिक उंचवट्याच्या माथ्यावरून जाते. माथ्यावर रस्ता असल्यामुळे पावसाचे पाणी उत्तरेला आणि दक्षिणेला, दोन्ही अंगांना वाहून जाते आणि रस्ता कोरडा राहतो. आजच्या भाषेत सांगायचे तर शहराचा कणा जलविभाजकावर ठेवला होता. वर्गात हा नकाशा दाखवला की विद्यार्थी चौकोन मोजू लागतात. मी त्यांना आधी समोच्च रेषा पाहायला सांगतो.

त्याच काळात पश्चिमेकडच्या द्रव्यवतीचे पाणी कालव्याने शहरात आणले गेले. चौपडींवर, म्हणजे मोठ्या चौकांत, कुंड होते. ते काळाच्या ओघात रस्त्याखाली गाडले गेले. गेल्या दशकात भुयारी मेट्रोसाठी खोदकाम सुरू झाल्यावर छोटी चौपड आणि बडी चौपड येथे ही कुंडे पुन्हा दिसली. म्हणजे द्रव्यवती ही शहराला पाणी देणारी नदी होती. शहराचे पाणी वाहून नेणारा नाला हे तिचे नंतरचे रूप आहे.

पुण्याशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. जयपूर वसल्यानंतर वीस-बावीस वर्षांत नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून नळाने पुण्यात पाणी आणले, आणि आंबील ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले, ज्याच्या जागी आज सारसबाग आहे. एकाच शतकातील दोन राजधान्या, आणि दोन्हींनी एक एक लहानसा प्रवाह हाताशी धरून पाण्याची सोय केली. पुढे दोन्ही प्रवाहांचे नशीबही सारखेच निघाले. त्याकडे नंतर येऊ.

एकोणिसाव्या शतकात द्रव्यवतीचे नाव मागे पडून अमानीशाह नाला हे नाव रूढ झाले. काठावर अमानीशाह या सूफी संताचा दर्गा आहे, त्यावरून हे नाव आले. तरी पाणी अजून वापराचे होते. महाराजा रामसिंह (दुसरा) याच्या कारकिर्दीत, १८७० च्या दशकात, या नाल्याचे पाणी वाफेच्या पंपांनी उचलून शहराला पुरवले जाऊ लागले. राज्याच्या बांधकाम खात्याची सूत्रे तेव्हा स्विंटन जेकब यांच्याकडे होती. शहर वाढले तसे हे पाणी पुरेना. १८९७ ते १९०३ या काळात शहराच्या ईशान्येला रामगढचे धरण झाले आणि १९३१ पासून जयपूरला तिथून पाणी येऊ लागले. माझ्या मते सोडाल्याच्या कथेतले पहिले वळण हेच. ज्या दिवशी शहराला पिण्यासाठी दुसरे पाणी मिळाले, त्या दिवसापासून अमानीशाहचे पाणी स्वच्छ ठेवण्याची कुणाला गरज उरली नाही. रामगढचेही पुढे काय झाले ते सांगून ठेवतो. १९८२ च्या आशियाई खेळांतील नौकानयनाच्या शर्यती ज्या तलावात झाल्या, तो तलाव वीस वर्षांत कोरडा पडला, कारण त्याच्या पाणलोटातले ओढे वाटेतच अडवले गेले.

शहर तटाबाहेर वाढवण्याचे नियोजित काम १९४२ ते १९४६ या काळात दिवाण असलेल्या मिर्झा इस्माईल यांनी केले. ए, बी, सी, डी, ई अशा पाच योजना आखल्या गेल्या. त्यांतली सी-स्कीम आजही त्याच नावाने ओळखली जाते. सोडाला, हसनपुरा, सुशीलपुरा, देवीनगर या पट्ट्याला मात्र असा एकहाती आराखडा मिळाला नाही. हा भाग तुकड्यातुकड्यांनी वसला. जयपूरमध्ये एक पद्धत फार चालली. गृहनिर्माण सहकारी समिती शेतजमीन घेई, तिचे भूखंड पाडी आणि सभासदांना समितीचा पट्टा देई. जयपूर विकास प्राधिकरण १९८२ च्या कायद्याने स्थापन झाले, तोवर शहराभोवती अशा कितीतरी वसाहती उभ्या होत्या, आणि नंतरही होत राहिल्या. पुढे १९९९ मध्ये राजस्थान जमीन महसूल कायद्यात ‘९०-ब’ हे कलम आले आणि अशा वसाहती नियमित करण्याचा रस्ता मोकळा झाला. जयपूरच्या जुन्या रहिवाशाला विचारा. ‘नाइंटी-बी हुआ क्या?’ हा प्रश्न भूखंड घेताना हमखास विचारला जाई.

समितीचा पट्टा वाईट होता असे मला म्हणायचे नाही. सरकारी योजनेत नंबर न लागणाऱ्या कारकुनाला, रेल्वे कर्मचाऱ्याला, छोट्या दुकानदाराला त्यानेच घर दिले. पण अभियंत्याने त्या कागदावर काय नव्हते ते पाहावे. समितीच्या नकाशात भूखंडाची लांबी-रुंदी असे, रस्त्याची रुंदी असे, कधी एखादी बागही असे. जमिनीची पातळी नसे. शेताच्या बांधाला लागून जो चर होता, पावसाचे पाणी ज्यातून नाल्याकडे जाई, तो चर कुणाच्या भूखंडात गेला हे कुठेच लिहिलेले नसे. शेजारची वसाहत दुसऱ्या समितीची. तिचे रस्ते आपल्या हद्दीपर्यंत येऊन थांबत, आपले तिच्या हद्दीपर्यंत. पाणी मात्र हद्द ओळखत नाही, ते वरच्या वसाहतीतून खालच्या वसाहतीत येते. नियमितीकरणाने मालकी सरळ झाली, उतार होता तसाच राहिला.

आता सूत्राकडे वळण्याची वेळ झाली. अपधाव काढण्याची जी परिमेय पद्धत आपण वापरतो, तिचा मूळ विचार आयर्लंडच्या थॉमस मुलव्हनी यांनी १८५१ मध्ये मांडला. १८८९ मध्ये एमिल कुइशलिंग यांनी अमेरिकेतील रॉचेस्टर शहराच्या गटारांसाठी ती वापरून दाखवली. त्याच १८८९ मध्ये रॉबर्ट मॅनिंग यांनी उघड्या प्रवाहाच्या वेगाचे आपले सूत्र मांडले. तेही आयर्लंडचेच, आणि तिथल्या पाणथळ जमिनींच्या निचऱ्याच्या खात्यात काम केलेले. चिखलाच्या देशात तयार झालेली ही दोन सूत्रे वालुकामय जयपूरला लागू पडतात का? पडतात, पण गुणांक प्रामाणिकपणे निवडला तर.

एक नमुना गल्ली घेऊ. आकडे मी हिशेबासाठी घेतले आहेत, पण अशा वसाहतीत ते विचित्र वाटणार नाहीत. गल्ली २०० मीटर लांब, ९ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना २० मीटर खोलीचे भूखंड. एकूण क्षेत्र ९,८०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक हेक्टर. पावसाची तीव्रता ताशी ५० मिलिमीटर धरू. प्रवाह घनमीटर प्रतिसेकंदात हवा असेल तर गुणांक, ताशी मिलिमीटरमधील तीव्रता आणि हेक्टरमधील क्षेत्र यांचा गुणाकार करून ३६० ने भागायचे. जमीन शेताची होती, माती वालुकामय, पाणी चटकन मुरणारे, तेव्हा गुणांक ०.२ धरला तर सेकंदाला २८ लिटर पाणी येते. आज त्याच जमिनीवर स्लॅब, फरशी, सिमेंटचा रस्ता आणि घरासमोर मोटार उभी करण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार आहे. गुणांक ०.८५ धरला तर ११८ लिटर. पाऊस तोच असून पाणी चौपटीहून जास्त झाले.

गल्लीच्या एका बाजूला ३०० मिलिमीटर रुंद आणि तेवढेच खोल सिमेंटचे गटार आहे असे समजू. उतार ५०० ला १, मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक ०.०१५. काठोकाठ भरून वाहिले तर ते सेकंदाला सुमारे ५८ लिटर नेते. म्हणजे ज्या काळात गल्लीत चारदोन घरे होती, त्या काळी हे गटार दुप्पट मोठे होते. आज ते निम्मे आहे. आणि जयपूरमध्ये आणखी एक गोष्ट घडते, वाळू येते. १४ ऑगस्ट २०२० च्या पावसात शहराच्या पूर्व भागातील लाल डुंगरी परिसरात टेकडीवरून आलेल्या वाळूत मोटारी गाडल्या गेल्या होत्या. सोडाल्यात डोंगर नाही, पण वाऱ्याने साचलेली वाळू आणि बांधकामासाठी रस्त्यात टाकलेले ढीग पुरेसे असतात. आपल्या गटारात अर्ध्या उंचीपर्यंत गाळ बसला तर वहनक्षमता निम्मी होईल असे वाटते. प्रत्यक्षात ती सेकंदाला २४ लिटरवर येते, निम्म्याहूनही कमी, कारण क्षेत्राबरोबर जलीय त्रिज्याही घटते. मूळच्या शेतजमिनीचे २८ लिटर पाणीसुद्धा हे गटार आता नेऊ शकत नाही.

असा पाऊस अर्धा तास टिकला तर रस्त्यावर उरणारे पाणी सुमारे १७० घनमीटर. पूर्ण गल्लीवर सारखे पसरले तर नऊ-साडेनऊ सेंटिमीटर, चप्पल भिजेल इतके. पण ते सारखे पसरत नाही. गल्लीच्या खालच्या चतुर्थांश भागात गोळा झाले तर तिथे ३७ सेंटिमीटर होते. हे झाले गुडघ्याजवळ. वरच्या टोकाचा माणूस खिडकीतून पाऊस बघत असतो, तेव्हा खालच्या टोकाचा पलंगाखाली विटा सारत असतो. दोघेही एकाच वसाहत समितीचे सभासद असतात, आणि गटारासाठी वर्गणी काढायची म्हटले की वरचा माणूस विचारतो की आमच्याकडे कुठे पाणी भरते?

खालच्या टोकाच्या घराची दुसरी अडचण रस्त्याने केलेली आहे. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता वर नवा थर टाकला जातो. एका वेळी २५ ते ५० मिलिमीटर. पाच-सहा वेळा असे झाले की रस्ता पंधरा ते तीस सेंटिमीटर वर येतो. ज्याने १९७५ च्या सुमारास रस्त्याच्या वर दोन पायऱ्या ठेवून घर बांधले, त्याचा उंबरा आता रस्त्याला टेकला. ज्याच्याकडे पैसे आहेत तो घर पाडून जोते उंचावतो, आणि मग त्याच्या अंगणात मुरणारे पाणीही शेजाऱ्याकडे जाते. सर्वांत खाली राहते ते सर्वांत जुने आणि दुरुस्तीला पैसे नसलेले घर. तळघरांचा प्रश्न याहून गंभीर आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी जयपूरच्याच विश्वकर्मा परिसरात तळघरात पाणी शिरून तिघांचा मृत्यू झाला. निचऱ्याच्या गणितात चूक झाली तर ती फक्त चिखलापुरती राहत नाही.

मोठ्या प्रवाहाचे काय झाले ते आता पाहू. द्रव्यवती नाहरगढच्या टेकड्यांतून निघते, शहराच्या पश्चिमेने दक्षिणेला जाते, सांगानेर ओलांडते आणि ढूंढ नदीला मिळते. सत्तेचाळीस किलोमीटरहून थोडी लांब. शहर पसरले तसे तिच्यात सांडपाणी सोडले गेले, काठ भरून जमिनी केल्या गेल्या, आणि १९८१ चा पूर विसरला गेला. २ ऑगस्ट २००४ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने अब्दुल रहमान यांच्या याचिकेवर निकाल देताना नैसर्गिक प्रवाह आणि पाणलोट क्षेत्रे १५ ऑगस्ट १९४७ रोजी होती तशा स्थितीत आणण्याची दिशा राज्याला दिली. अमानीशाहच्या पात्रातील बांधकामांचा वादही न्यायालयात गेला, आणि घरे पाडलीही गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये पुन्हा काही तासांत सुमारे १७० मिलिमीटर पाऊस पडला, आणि जुन्या लोकांना १९८१ आठवले.

२०१६ मध्ये जयपूर विकास प्राधिकरणाने टाटा प्रोजेक्ट्स आणि शांघाय अर्बन कन्स्ट्रक्शन ग्रुप यांच्यामार्फत द्रव्यवती पुनरुज्जीवनाचे काम सुरू केले. खर्च १,६७६ कोटी रुपये, लांबी ४७.५ किलोमीटर, दिवसाला एकूण १७० दशलक्ष लिटर क्षमतेची पाच सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी पहिल्या १६ किलोमीटरच्या टप्प्याचे लोकार्पण झाले. पात्राला सिमेंटचे अस्तर, काठाने चालण्याचा मार्ग, मधून मधून छोटे बंधारे. काठ ढासळणे थांबले, पात्राची हद्द ठरली आणि ती पुन्हा बुजवणे अवघड झाले. हा या प्रकल्पाचा खरा लाभ आहे, आणि तो लहान नाही. काठावरची हिरवळ पाहून त्याला नावे ठेवणाऱ्यांनी आधीचा नाला आठवावा.

पण मुख्य नदी नीट झाल्याने गल्ली नीट होत नाही, आणि इथेच बहुतेक चर्चा घसरते. गल्लीतले गटार उपनाल्यात जाते, उपनाला नदीत. शेवटच्या तोंडाशी, ज्याला आपण मुखाची पातळी म्हणतो, तिथे नदीचे पाणी वर असेल तर उपनाल्याचे पाणी उतरू शकत नाही. ते मागे थोपते. वरच्या भागात पाऊस पडून नदी भरून आली की खालच्या वसाहतीत पाऊस नसतानाही जाळीतून पाणी उलटे वर येऊ शकते. मुंबईकराला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्याकडे नदीच्या जागी भरती असते. मुंबईची जुनी गटारे ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील या हिशेबाने बांधलेली होती. १९८५ च्या पुरानंतर ब्रिमस्टोवॅड अभ्यास हाती घेतला गेला, १९९३ मध्ये अहवाल आला, त्यात ताशी ५० मिलिमीटरची शिफारस होती. अहवाल बराचसा कपाटात असताना २६ जुलै २००५ उजाडला आणि सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माधवराव चितळे यांच्या समितीने पुढे जे तपासले, त्यात पावसाइतकीच मिठी नदीची आक्रसलेली रुंदी होती. हाजी अली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह इथली पंपगृहे त्यानंतर उभी राहिली. पंप हा भरतीवरचा उपाय आहे. सोडाल्याला त्याची सहसा गरज पडू नये, कारण इथे जमिनीला उतार आहे. तरी कुठेही पाणी भरले की पंप लावा अशी मागणी होते, आणि रस्त्याखालून गेलेल्या भुयारी मार्गांत तो लावावाही लागतो. गल्लीत मात्र आधी उतार शोधावा.

आता पुण्याकडे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला झालेल्या पावसाने आंबील ओढा फुगला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल या भागांत पाणी घुसले, भिंती पडल्या, माणसे गेली. त्यानंतर ओढा सरळ करण्याचे काम निघाले आणि जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळची घरे पाडण्यावरून मोठा वाद झाला. जयपूर आणि पुणे, दोन्हीकडे प्रश्न एकाच जागी येऊन थांबतो. ओढ्याच्या काठावरचे गरीबाचे घर चटकन दिसते आणि पाडता येते. ओढ्याला मिळणारा उपओढा ज्या मोठ्या इमारतीखाली बुजला, ती दिसत नाही. पाणी दोन्हींमुळे अडते. आपण कुणाला हलवतो, हे जलशास्त्र ठरवत नाही.

सोडाल्यासारख्या वस्तीत काम कसे करावे, याबद्दल माझे मत सांगतो. पहिले काम गटार खोदण्याचे नाही, पातळ्या घेण्याचे आहे. डंपी लेव्हल आणि पट्टी घेऊन तीन-चार विद्यार्थी दोन दिवसांत एका वसाहतीचा नकाशा करू शकतात. प्रत्येक चौकाची, प्रत्येक जाळीची, आणि शेवटी मुखाची पातळी. बहुतेक वेळा असे निघते की गटार आहे, पण मधल्या तीस मीटरमध्ये उलटा उतार आहे, किंवा नव्या रस्त्याने जाळी बुजली आहे, किंवा गॅसच्या अथवा केबलच्या नळीने गटाराची अर्धी उंची अडवली आहे. अशी दुरुस्ती काही हजारांत होते आणि नव्या मोठ्या गटाराइतका फरक पाडते. तिचे उद्घाटन करता येत नाही, एवढाच तिचा दोष.

दुसरे, रस्त्याचा नवा थर टाकण्याआधी जुना खरवडणे निविदेतच लिहायला हवे. काम सुरू झाल्यावर सांगून उपयोग नसतो. तिसरी गोष्ट वाळूची. गटाराच्या वरच्या टोकाला आणि वळणांवर गाळ बसण्यासाठी खोल खड्डे ठेवले तर साफसफाई त्या खड्ड्यांपुरती राहते. नालेसफाई जूनमध्ये एकदा करून भागत नाही. जयपूरला पावसाळा जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला येतो, आणि पहिल्या मोठ्या सरीनेच सर्वाधिक वाळू येते. म्हणून दुसरी सफाई त्या सरीनंतर लगेच हवी. आणि काढलेला गाळ गटाराच्या काठावर ठेवून जायचे नाही. हे लिहायला संकोच वाटतो, पण ज्याने पाहिले आहे त्याला कळेल.

छताच्या पाण्याची गोष्ट निराळी आहे. अनेक घरांत गच्चीचा नळ थेट मैल्याच्या चेंबरला जोडलेला असतो. कोरड्या दिवसांसाठी आखलेली मलवाहिनी मग पावसात भरते आणि चेंबरची झाकणे उचलली जातात. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरणीय अभियांत्रिकी संघटनेने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचऱ्याची स्वतंत्र नियमपुस्तिका काढली. तोवर हा विषय मलनिस्सारणाच्या पुस्तकातले एक प्रकरण होता, आणि जमिनीवरही तो तसाच वागवला गेला. जयपूरची माती मुरवायला चांगली आहे, भूजल उपसून उपसून खोल गेले आहे. गच्चीचे स्वच्छ पाणी गाळणीतून जमिनीत सोडले तर आपल्या नमुना गल्लीचा गुणांक ०.८५ वरून खाली येतो. तो ०.५ झाला तरी प्रवाह सेकंदाला ६९ लिटरवर येईल, आणि ५८ लिटरचे स्वच्छ गटार जवळजवळ पुरे पडेल. मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. लहान भूखंड त्यातून सुटतात, आणि अशा वसाहती लहान भूखंडांच्याच असतात. रस्त्यावरचे पाणी मात्र सरळ विहिरीत सोडू नये. त्यात तेल, शेण, मैला सगळे असते, आणि जयपूरच्या भूजलात नायट्रेट आधीच जास्त आहे.

जयपूर आज पिण्याचे पाणी बनास नदीवरच्या बीसलपूर धरणातून आणते, शंभर किलोमीटरहून जास्त अंतरावरून. सोडाल्याचे पावसाचे पाणी द्रव्यवतीतून ढूंढमध्ये, ढूंढमधून मोरेलमध्ये आणि मोरेलमधून त्याच बनासमध्ये जाते, पण बीसलपूर धरणाच्या खालच्या अंगाला. तिथून चंबळ, यमुना, गंगा. निचऱ्याचा आराखडा करताना पाणी कुठून काढायचे हे आपण शिकतो. ते कुठे जाते याचा नकाशाही एकदा काढून पाहावा.

स्वाध्यायासाठी आपल्या राहत्या वस्तीतली एक गल्ली निवडा. दर वीस मीटरवर रस्त्याची आणि गटाराच्या तळाची पातळी घ्या, सर्वांत जुन्या तीन घरांच्या उंबऱ्यांची पातळी घ्या, आणि पाणी शेवटी ज्या नाल्यात उतरते त्याच्या तळाची. वर दिलेल्या पद्धतीने दोन प्रवाह काढा, एक वस्ती होण्यापूर्वीचा आणि एक आजचा. जुना प्रवाह काढण्यासाठी जमीन पूर्वी कशी होती हे वस्तीतल्या वयस्कर माणसांना विचारावे लागेल. त्यांनी सांगितलेला चर किंवा ओढा तुमच्या नकाशावर तुटक रेषेने दाखवा आणि आज त्या रेषेवर काय उभे आहे ते शेजारी लिहा.